काळ्या चौकटीतल्या दहा ओळी

वाचक विचारतात

गेल्या अंकात या सदरात मी एक गोष्ट सांगितली होती. ज्यांचा तो अंक चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात पुन्हा सांगते. सकाळी सहाला पेट्रोलपंपाजवळ हातगाडीवर बर्फ विकणाऱ्या एका माणसाला कुणीतरी सुरा मारला. सातपर्यंत प्रेत रस्त्यात पडून होतं आणि त्यावर बर्फाचं पाणी ठिबकत होतं. सव्वासातला पोलीस प्रेत घेऊन गेले. बर्फ आणि रक्त तिथेच राहिलं. मग शेजारून एक टांगा गेला. टांग्यातल्या लहान मुलाला रस्त्यावरचं थिजलेलं, चकाकणारं रक्त दिसलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि आईचा हात ओढत ते म्हणालं, बघ ना आई, जेली!

एवढीच गोष्ट. उर्दू लेखक सआदत हसन मंटोची, त्याच्या ‘सियाह हाशिये’ या १९४८ सालच्या पुस्तकातली. फाळणीच्या दंगलींवर त्याने अशा बत्तीस चिमुकल्या गोष्टी लिहिल्या. काही पान-दोन पानांच्या, काही दोन-तीन ओळींच्या.

या एका गोष्टीवर इतकी पत्रं आली की हे संपूर्ण सदर मी त्यांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी सांगलीला एका दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. १९८१ साली कॉपीहोल्डर म्हणून लागले, म्हणजे मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि शेजारच्याने प्रूफ तपासायचं. लेखक मी नाही. पण पानाच्या तळाशी दहा ओळींची जागा उरली की तिथे काय बसेल, हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं आहे. आमच्याकडे त्याला ‘पानपूरक’ म्हणतात.

बार्शीहून एक वाचक भगिनी लिहितात: ‘गोष्ट वाचून क्षणभर हसू आलं आणि लगेच स्वतःची शरम वाटली. रात्री झोप लागली नाही. माणसं मेली त्यावर असं लिहिणं म्हणजे मेलेल्यांची थट्टा नाही का? असलं वाचावंच कशाला?’

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते हसू आणि ती शरम यांच्यामध्ये किती वेळ गेला, ते आठवून पाहा. अर्धा सेकंदही नसेल. तेवढ्या अर्ध्या सेकंदासाठी मंटोने ही गोष्ट लिहिली, असं मला मनापासून वाटतं.

गोष्टीत ‘निर्घृण’, ‘हृदयद्रावक’, ‘अमानुष’ असला एकही शब्द नाही. घड्याळ आहे फक्त. सहा, सात, सव्वासात. पंचनाम्यात असतं तसं. आमच्या टेबलावर रोज रात्री अशी कॉपी यायची. ‘अज्ञात इसमाने’, ‘घटनास्थळी’, ‘मृतदेह शवविच्छेदनासाठी’. मी ती मोठ्याने वाचायची, आणि पाचवी-सहावी बातमी आली की ‘मृतदेह’ हा शब्द तोंडातून बाजारभावासारखा निघायला लागायचा. मंटोला वाचकाचं हे बधिर होणं ठाऊक होतं. आधी तो आपल्याला त्या बातमीच्या चालीवर चालवत नेतो आणि मग टांग्यातून एक पोर आणतो. पोराची चूक कुठेच नाही. लाल, चकाकणारं, थलथलणारं म्हणजे जेली, एवढंच त्याला माहीत. आपल्याला मात्र माहीत असतं ते काय आहे. हसतो आपण, पोर हसत नाही. त्याला भूक लागलेली असते.

तुम्ही विचारलेला प्रश्न मंटोलाही लोकांनी विचारला होता, आणि फार कडवटपणे. मेलेल्यांच्या खिशातून किडूकमिडूक काढून याने पुस्तक केलं, असं एका लेखकानेच त्याच्याबद्दल लिहिलं. हे मंटोने स्वतः पुढे नमूद करून ठेवलं आहे आणि ते त्याला किती लागलं तेही लपवलेलं नाही. आपल्याकडे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, तोच आरोप. पण त्याच पुस्तकाची अर्पणपत्रिका पाहा. आपण केलेल्या कत्तलींची हकिगत सांगता सांगता जो माणूस म्हणाला, की एका म्हातारीला मारलं तेव्हा वाटलं, आपल्या हातून खून झाला, त्या माणसाला ते पुस्तक अर्पण केलं आहे. इतकी माणसं मारून झाल्यावर एका म्हातारीपाशी त्याला ‘खून’ हा शब्द सुचला. हे लिहिणारा मेलेल्यांचे खिसे तपासत नव्हता, ताई. मारणाऱ्याच्या आत कुठे काही शिल्लक आहे का, ते तो चाचपत होता.

पुस्तकाचं नावही पाहा. हाशिया म्हणजे समास, पानाच्या कडेची कोरी जागा. काळे समास. वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिरातीभोवती जी काळी चौकट असते, तीच मला त्या नावात दिसते. तशा चौकटी मी हजारांनी तपासल्या आहेत. त्यातली एक तुम्हाला सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिच्यात आहे.

१९८६ सालचा पावसाळा. जाहिरात खिडकीवरचा कारकून जेवायला गेला होता म्हणून मी बसले होते. रात्रीचे आठ वाजत आलेले. दोघे भाऊ भिजत आले. वडील त्याच दिवशी दुपारी गेलेले. कागदावर मजकूर नीट लिहून आणला होता: ‘आमचे परमपूज्य वडील यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले’, खाली शोकाकुल म्हणून अकरा नावं. दर कॉलम-सेंटिमीटरवर होता. मी पट्टीने अंदाज काढून रक्कम सांगितली. दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मोठा म्हणाला, कमी करूया. आधी ‘अल्पशा आजाराने’ गेलं. तो म्हणाला, आठ महिने अंथरुणाला खिळले होते, अल्पसा कुठला? मग ‘परमपूज्य’ गेलं. मग पुतणे गेले, जावई गेले. बहिणीच्या नावावर मोठ्याचं पेन थांबलं, तेव्हा धाकट्याने मला विचारलं, ‘बाई, दुःखद काढलं तर एक ओळ वाचेल का हो?’

वाचत होती. मी मान हलवली. मोठ्याने धाकट्याकडे पाहिलं आणि दोघेही हसले. खळखळून हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग मोठ्याने खिडकीची कड धरली आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागला. पैसे धाकट्याने मोजले. दहा-दहाच्या नोटा होत्या आणि त्यांना औषधांच्या दुकानातल्या पुडीचं रबर होतं.

‘दुःखद’ मी काढू दिलं नाही. आत जाऊन कंपोझिटरला सांगितलं. त्याने शब्दांमधल्या जागा थोड्या थोड्या कमी करून तो शब्द त्याच ओळीत बसवला. बहिणीचं नावही राहिलं.

आता हा प्रसंग कुणी गोष्ट म्हणून लिहिला आणि वाचणारा त्या दोन कंजूष पोरांना हसला, तर ती गोष्ट वाईट आहे, तुमचा आरोप तिला लागू होतो. पण वाचणाऱ्याला हसू आलं ते दुःखाचा सेंटिमीटरला काय दर पडतो यावर, आणि मग ते रबर दिसलं, तर ती गोष्ट मी पहिल्या पानावर छापीन. कुणाला हसलं जातं आहे, एवढं बघत जा. मेलेल्याला आणि रडणाऱ्याला हसणारी गोष्ट मी स्वतः पुरी वाचत नाही.

पुण्याहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी विचारतो: ‘मग चुटका आणि ही गोष्ट यात फरक काय? दोन्ही छोटे, दोन्हींत शेवटी धक्का.’

दुसऱ्यांदा वाचून बघ. चुटका दुसऱ्यांदा मेलेला असतो. त्यात माणसं राहत नाहीत, शेवट राहतो फक्त. गोष्टीत शेवट कळल्यावर माणसं दिसायला लागतात.

मंटोचीच ‘करामात’ घे. लुटीचा माल शोधायला पोलीस झडत्या घ्यायला लागतात. घाबरून लोक रात्रीच्या अंधारात माल बाहेर टाकतात. एका माणसाने वाण्याच्या दुकानातून साखरेची दोन पोती लुटलेली असतात. एक पोतं तो कसंबसं विहिरीत टाकतो. दुसरं टाकताना स्वतःही आत जातो. आवाज ऐकून लोक जमतात, दोर सोडले जातात, दोन तरुण आत उतरून त्याला वर काढतात. काही तासांनी तो मरतो. दुसऱ्या दिवशी लोकांनी वापरायला विहिरीतून पाणी काढलं तर ते गोड. त्या रात्री त्या माणसाच्या कबरीवर दिवे लागलेले असतात.

पहिल्या वाचनात तू चोराचा पीर झाला म्हणून हसशील. हरकत नाही, मीही हसले होते. दुसऱ्यांदा वाच आणि त्या दोन तरुणांपाशी थांब. दंगलीच्या दिवसांत, मध्यरात्री, कोण पडलंय हे न विचारता ते विहिरीत उतरले. दोर कुणीतरी आणले. म्हणजे गाव तेच. लुटणारं तेच, जीव वाचवायला उतरणारं तेच, आणि सकाळी पाणी गोड लागलं म्हणून दिवा लावणारंही तेच. त्या दिवसांत त्या लोकांना दुसरं काय गोड लागलं असेल? दिवे लावणाऱ्यांना मला आता हसता येत नाही. आणि हे सगळं दहा-बारा वाक्यांत आहे. ‘करामात’ म्हणजे चमत्कार. तो शब्द मंटो शीर्षकावर ठेवतो आणि खाली फक्त काय झालं ते सांगतो. छोटी गोष्ट लिहिणाऱ्यांनी शीर्षकाकडून एवढं काम करून घ्यायला शिकावं. आपल्याकडे शीर्षकातच शेवट फोडायची फार सवय आहे.

त्याच पुस्तकातली पुतळ्याची गोष्टही शोधून वाच. लाहोरमध्ये जमाव सर गंगाराम यांच्या पुतळ्यावर तुटून पडतो. दगड, डांबर, मग एक जण जुन्या जोड्यांची माळ करून पुतळ्याच्या गळ्यात घालायला पुढे होतो. तेवढ्यात पोलिसांची गोळी त्याला लागते. मलमपट्टीसाठी त्याला नेतात ते सर गंगाराम हॉस्पिटलमध्ये. यात लेखकाला काही रचावंसुद्धा लागलं नसेल. त्या गावात इस्पितळाला ते नाव होतंच, आणि बांधणाऱ्याचा पुतळाही होता. पुतळ्यांच्या आपल्या गावांत ही गोष्ट वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

ठाण्याहून प्रश्न: ‘विकणे आहे: बाळाचे बूट, कधीच न घातलेले’ ही इंग्रजीतली सहा शब्दांची गोष्ट हेमिंग्वेचीच ना? आणि गोष्ट कमीत कमी किती शब्दांची असावी?

हेमिंग्वेची असल्याचा त्याच्या हयातीतला कसलाही पुरावा नाही. तो १९६१ साली गेला आणि त्याचं नाव या ओळीला त्यानंतर खूप वर्षांनी चिकटलं. पुढे पाठवताना त्याचं नाव काढून पाठवा.

लांबीबद्दल मात्र एक खरं उदाहरण देते, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. १९०६ साली पॅरिसच्या ‘ल माताँ’ या दैनिकात फेलिक्स फेनेआँ नावाचा माणूस तीन ओळींच्या बातम्यांचा रकाना लिहायचा. नाव छापलं जात नसे. अपघात, खून, चोऱ्या, आत्महत्या, असलं जे मोठ्या बातमीत बसत नाही ते सगळं त्याच्या वाट्याला. काही महिन्यांत त्याने हजाराहून जास्त बातम्या लिहिल्या. एकीत तीन गावांतल्या तीन माणसांनी गळफास घेतल्याचं त्याने एकाच वाक्यात घातलं: आधी तीन आडनावं, मग तीन गावं, मग तीन कारणं, मज्जादौर्बल्य, कर्करोग, बेकारी. शिधापत्रिकेवर घालतात तशी. वाचताना आधी ती रचना बघून ओठ हलतात आणि मग तीन घरं दिसतात. त्या गोष्टी नव्हत्या, खऱ्या बातम्या होत्या. पण त्यातला कोणता शब्द कुठे बसवायचा याची त्याने जी काळजी घेतली ती गोष्टकाराची आहे. त्याच्या सहचरीने ती कात्रणं वहीत चिकटवून जपली, म्हणून तो गेल्यावर त्यांचं पुस्तक होऊ शकलं. रात्रपाळीला पानपूरक लिहिणाऱ्या कुणा निनावी माणसाची अशी एक तरी वही आपल्याकडे कुणी जपली असेल, अशी मला आशा आहे.

नाशिकहून एक ज्येष्ठ वाचक जरा रागावून लिहितात: ‘उर्दू झालं, फ्रेंच झालं. मराठीत असं काही नाहीच का?’

आहे, काका, आणि तुमच्या-माझ्या जिभेवर आहे. ‘दुष्काळात तेरावा महिना.’ तीन शब्द. वर्षाचे बारा महिनेच निभत नाहीत आणि पंचांगात अधिक मास येऊन बसला आहे. भुकेल्या माणसाच्या मापाने पंचांग वाचणारी ही गोष्टच आहे. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.’ ‘मेलं कोंबडं आगीला भीत नाही.’ माझी आजी ही कोंबड्याची म्हण हसत म्हणायची आणि तिची चार मुलं गेलेली होती. त्या म्हणीतलं कोंबडं कोण, हे मला ती गेल्यावर कळलं.

आणि दिवाकर आहेत. शंकर काशिनाथ गर्गे, पुण्यातले शिक्षक. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या एकाच माणसाच्या तोंडी असलेल्या कवितांवरून त्यांना कल्पना सुचली आणि १९११पासून त्यांनी नाट्यछटा लिहायला घेतल्या. एकावन्न आहेत. बहुतेक पान-दीड पानाच्या. एकच माणूस बोलतो, समोरचा काय म्हणाला ते त्याच्या बोलण्यातल्या टिंबांवरून आपण ओळखायचं. ‘पंत मेले – राव चढले’ हे एक शीर्षक घ्या. कचेरीत एक जागा रिकामी झाल्याशिवाय दुसऱ्याला बढती नाही, ही गोष्ट चार शब्दांत सांगून झाली. ‘कारण चरित्र लिहायचे आहे!’ हे आणखी एक. त्यातलं ते ‘कारण’ पाहा, वाक्याच्या मधूनच आपल्याला आत ओढलं आहे.

दिवाकरांचं आपण एक नुकसान केलं, आणि ते मला खरोखर सलतं. नाट्यछटा म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात लहान मुलांनी हातवारे करत म्हणायची चीज, असं ठरवून टाकलं. आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते शब्द आले की सभागृह कौतुकाने हसतं आणि त्यातला अंधार कुणाला ऐकू येत नाही. एकदा रात्री घरात सगळे झोपल्यावर त्यातली एखादी मनात वाचा. टिंबांपाशी तेवढा वेळ थांबा.

आजचं विचाराल तर ‘अलक’ आहेत, अति लघु कथा. मोबाइलवर रोज येतात. लिहिणाऱ्यांची हौस खरी आहे आणि त्यांतल्या काही मला आवडतातही. तक्रार एकच आहे. दहांतल्या सहा वृद्धाश्रमाच्या दारात संपतात. आई वृद्धाश्रमात आहे हे कळल्यावर वाचणाऱ्याने काय वाटून घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. तिथे हसूही नाही आणि शरमही नाही, डोळे पुसून पुढे पाठवायचं एवढंच उरतं.

कोल्हापूर जिल्ह्यातून १०८च्या गाडीवरचे एक चालक लिहितात: ‘महामार्गावर ट्रक उलटला होता. गर्दी मोबाइलने चित्रण करत होती. पूर्ण ट्रक चौकटीत यावा म्हणून एक जण मागे मागे सरकला आणि त्याला मागून दुचाकीने उडवलं. दोघांनाही एकाच गाडीतून नेलं. डॉक्टर आणि मी परत येताना हसत होतो. घरी सांगितलं तर बायको दोन दिवस बोलली नाही. यावर लिहिलं तर चालेल का?’

लिहा, दादा. आणि वहिनींना सांगा, की ज्याला दिवसाला चार माणसं उचलावी लागतात त्याला हसू येणं हे त्याचं मन मेल्याचं लक्षण नाही. उलट माझ्या पाहण्यात ज्यांना काहीच येईनासं झालं, त्यांचीच मला काळजी वाटली.

तुमच्यासारखीच एक गोष्ट लेनिनग्राडच्या दानिल खार्म्सने नव्वद वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. एक म्हातारी अति कुतूहलापायी खिडकीतून पडते आणि तिचे तुकडे होतात. दुसरी काय झालं ते बघायला डोकावते, अति कुतूहलापायी तीही पडते. मग तिसरी, चौथी, पाचवी. सहावी पडते तेव्हा सांगणाऱ्याला कंटाळा येतो आणि तो बाजाराकडे निघून जातो. तिथे म्हणे एका आंधळ्याला कुणीतरी विणलेली शाल दिलेली असते.

हा खार्म्स मुलांच्या मासिकांत लिहून पोट भरायचा. मोठ्यांसाठी लिहिलेल्यातल्या दोन कविता तेवढ्या त्याच्या हयातीत छापल्या गेल्या. १९४१ साली त्याला अटक झाली आणि शहराला वेढा पडलेला असताना, फेब्रुवारी १९४२मध्ये, तुरुंगाच्या इस्पितळात तो उपासमारीने गेला. त्याच्या घराच्या इमारतीला बॉम्बची झळ लागली होती. मित्राने तिथे जाऊन त्याचे कागद पेटीत भरून आणले, म्हणून ती सहावी म्हातारी आपल्यापर्यंत पोचली. माणसं दाराआडून नाहीशी होत होती आणि शेजारचे मोजणं सोडून देत होते, अशा शहरात ही गोष्ट लिहिली गेली. ‘कंटाळा आला’ हे वाक्य मला त्यातलं सर्वांत भयंकर वाटतं.

तुमच्या गोष्टीत मात्र सांगणारा कंटाळून निघून जात नाही. तो दोघांना उचलतो. म्हणून गर्दीबद्दल लिहू नका, ते सगळे लिहितात. गाडीच्या आतून लिहा. स्ट्रेचर एकच असणार. मग त्यावर कोण आणि बाकावर कोण, हे तुम्ही दोघांनी कसं ठरवलं? ट्रकवाला शुद्धीवर होता का? त्याने दुसऱ्याला विचारलं का, की तुम्हाला काय झालं? तुमची गोष्ट तिथे आहे. गाव, तारीख, वाहनाचा क्रमांक बदला. त्यांच्या घरच्यांनी वाचली तरी ओळखू येता कामा नये.

शेवटचं पत्र लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षकाचं. त्यांनी स्वतःची गोष्ट पाठवली आहे, ती इथे पूर्ण देते:

‘टँकरला हंडे लावायच्या झुंबडीत म्हातारी चेंगरली आणि गेली. लेक पुण्याहून यायची होती म्हणून मयत दुसऱ्या दिवशी ठरलं. मयताला आलेल्यांना नंतर अंघोळ लागते. सरपंचांनी धावपळ करून एक जादा टँकर मंजूर करून आणला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तीन गावांतली माणसंही मयताला आली. सगळ्यांच्या हातात हंडे होते. माणुसकी कुठे हरवली, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.’

सर, तुमची गोष्ट मी छापणार आहे. एप्रिल २०१६मध्ये आमच्या मिरजेहून तुमच्या लातूरला रेल्वेने पाणी जायचं, तेव्हा मी स्टेशनवर जाऊन ते डबे भरताना पाहिले आहेत, त्यामुळे यातलं काही मला ऐकीव वाटलं नाही. जादा टँकरची कल्पना फार चांगली आहे, कारण ती खोटी वाटत नाही. सरपंच दुष्ट नाही, रीत सोडलेली नाही, मंजुरी रीतसर आहे, आणि तरी हे होतं.

शेवटचं वाक्य मी काढलं आहे. माणुसकी हरवली असं तुम्हाला वाटतं, पण तुमच्या गोष्टीत ती हरवलेली नाही. तिथे फक्त पाणी नाही. तीन गावांच्या त्या माणसांना तुम्ही त्या वाक्याने एकदम दोषी करता, आणि त्यांच्या घरची घागर कोरडी आहे हे तुम्हीच आधी सांगितलं आहे.

‘धावपळ करून’ही मी काढते. ‘मंजूर करून आणला’ यात ते आलं.

एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्याकडे बायका स्मशानात जात नसतील. म्हणजे टँकर येईल तेव्हा त्या घराशीच असणार, आणि त्यांत म्हातारीची सूनही असेल. आदल्या दिवशी झुंबडीत म्हातारीच्या हातातून सुटलेलं भांडं कुणीतरी घरी आणून दिलं असेलच. आता सगळीकडे प्लास्टिकच्या घागरी झाल्या आहेत, पण तिच्या वयाची बाई आपला नाव घातलेला स्टीलचा हंडाच घेऊन जात असेल. तुम्हाला पटलं तर ‘सगळ्यांच्या हातात हंडे होते’ यानंतर एवढं घालू या:

‘सुनेकडे दोन होते. एकावर म्हातारीचं नाव होतं.’

पटलं नाही तर तुमची गोष्ट हंड्यांपाशीच थांबेल, तीही चांगलीच आहे. वीस तारखेपर्यंत कळवा. अंक एकवीस तारखेला छपाईला जातो आणि पस्तिसाव्या पानाच्या तळाशी मी जागा राखून ठेवली आहे.